देवापुढची कॅप्सूल

"चार नंबरवाली? अरे, वो कुछ नहीं लेती. बहुत सीधी है."

पडद्यापलीकडे सरोज सिस्टर नव्या सिस्टरना सांगत होत्या. चार नंबरची मी. केमोच्या डे-केअरमधली खिडकीजवळची खुर्ची. सलाईन लावण्याआधी दर वेळी एक कागद भरतात. ताप आला का? उलट्या? हाताला मुंग्या? आणि शेवटचा प्रश्न, की इथल्या औषधांशिवाय आणखी काही घेता का, काढा, चूर्ण, गोळ्या? आधीच्या चार खेपांना त्या प्रश्नावर मी फक्त मान हलवली होती. नाही. ही पाचवी खेप, आणि सरोज सिस्टरनी नव्या सिस्टरचे कष्ट वाचवले.

त्या सकाळी घरून निघण्यापूर्वी मी दोन कॅप्सूल घेतल्या होत्या. आणि आदल्याच आठवड्यात स्कॅनचा रिपोर्ट आला होता. चार डोस झाले तरी गाठ जराही आकसली नव्हती.

*

मी चारू. वय एकतीस. बनारसमध्ये, दूधविनायकाच्या गल्लीत राहते, एका कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकांच्या नोंदी करते. शाळा इंग्रजी माध्यमाची. म्हणजे शाळेत इंग्रजी, गल्लीत हिंदी आणि घरात मराठी. तिन्ही भाषा मला समजतात आणि तिन्हींत मी गप्प असते. लायब्ररीत हा गुण समजला जातो. दवाखान्यात नाही, हे कळायला मला आजारी पडावं लागलं.

सुरुवात पाठदुखीनं झाली. खुर्चीमुळे असेल म्हणून मी उशी घेतली. मग भूक गेली, कपडे सैल झाले. मैत्रिणी म्हणाल्या, छान बारीक झालीस. गौरी जेवायच्या दिवशी आई मुखवट्यांना हळदकुंकू लावत होती आणि मी तिच्यासमोर वाटी धरून बसले होते. तिनं मान वर केली आणि थांबली.

"चारू, उजेडात ये जरा. तुझे डोळे असे का दिसतायत?"

डोळे पिवळे झाले होते. पुढच्या दोन आठवड्यांत तपासण्या, पित्ताची वाट मोकळी करायला नळीतून घातलेली एक बारीक स्प्रिंग, बायोप्सी. मग एका दुपारी आम्ही तिघं मॅडमसमोर बसलो. मॅडम म्हणजे माझ्या डॉक्टर. त्यांनी एका कागदावर पोटाचं चित्र काढलं आणि हिंदीत, अगदी सावकाश सांगितलं की गाठ पॅन्क्रियाजमध्ये आहे आणि ती कॅन्सरची आहे. माझ्या वयात सहसा होत नाही, पण झाली आहे.

"अग्न्याशय," बाबा हळूच म्हणाले. ते रामनगरच्या इंटर कॉलेजात संस्कृत शिकवतात. वर्गात अवघड शब्द आला की ते असाच तो एकदा उच्चारून बघतात.

मॅडमनी चित्रात एक निळी रेघ ओढली. गाठ या शिरेला चिकटली आहे, त्यामुळे आता ऑपरेशन करता येणार नाही. आधी औषधं देऊ. गाठ शिरेपासून मागे हटली तर कापून काढू. नाही हटली, तर... त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

म्हणजे सगळं त्या हटण्यावर होतं. घरी येताना आई गल्लीत एका गाईला वाट द्यायला थांबली, आणि गाय गेल्यावरही तशीच भिंतीला टेकून उभी राहिली. आमच्यापैकी कुणीच रडलं नाही. आम्ही तिघंही एकमेकांसाठी न रडणारी माणसं आहोत. आता वाटतं, एकानं तरी रडायला हवं होतं.

*

केमोबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे. मला सर्वांत जास्त लक्षात आहे तो गारठा. माझ्या औषधांतल्या एकाचा परिणाम असा होता, की थंड वस्तूला हात लागला की बोटांतून वीज जायची. स्टीलचा पेला धरता येईना. नळाचं पाणी म्हणजे सुया. त्यात बनारसची थंडी.

आई यात्रेकरूंसाठी स्वयंपाकाची कामं घ्यायची, ती तिनं तेव्हा बंद केली होती. तिनं फ्रिजच्या मुठीला लोकरी मोजा चढवला. घरातले पेले गेले आणि काचेचे कप आले. आमच्या दाराला लोखंडी कडी आहे. दवाखान्यातून परतताना बाबा शेवटच्या वळणावर पावलं उचलून पुढे जायचे. बरेच दिवस मला वाटलं, त्यांना माझ्यासोबत हळू चालायचा कंटाळा येतो. मग एकदा पाहिलं, ते दार उघडून कडीला रुमाल गुंडाळत होते.

डोस दिवसभर चालायचा, आणि शेवटी एक छोटी बाटली पिशवीत घालून गळ्यात अडकवून घरी पाठवायचे. ती दोन दिवस थेंबथेंब चालायची. त्या दोन दिवसांत बाबा रामनगरला जायचे नाहीत. दुसऱ्या खोलीत बसून पेपर तपासायचे, आणि मध्येच विचारायचे, "चालू आहे ना?" जणू मी पाण्याची मोटर होते.

भांडणंही झाली. आईला मला मुंबईला न्यायचं होतं, मामाकडे. बाबा म्हणायचे, तिथेही हीच औषधं देतात. आई म्हणायची, तुम्हाला काशी सोडायची नाही म्हणून सांगा ना सरळ. मी भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घ्यायचे. सोंग घेण्यात मी तरबेज होते, हे पुढच्या गोष्टीवरून कळेलच.

*

कॅप्सूल मी मागवल्या. हे आधीच सांगते, कारण पुष्कळ काळ मी स्वतःलाही ते वेगळं सांगत होते.

पहिल्या डोसनंतर मी फोनवर वाचत बसले. इंग्रजी येत असल्याचा तोटा हा, की वाचायला अमाप मिळतं आणि खरं-खोटं ठरवायला कुणी जवळ नसतं. जिथे तिथे एकच शब्द : अँटिऑक्सिडंट. मी एक मोठी, महागातली बाटली मागवली. हळदीचा अर्क, द्राक्षाच्या बियांचा अर्क, दोन-तीन जीवनसत्त्वं, सगळं भरमसाट प्रमाणात. वरचा मजकूर इंग्रजीत होता. आईनं विचारलं, काय लिहिलंय?

"हे पेशींचं रक्षण करतं," मी सांगितलं.

"कुठल्या पेशींचं?"

"सगळ्याच गं."

आईनं मान डोलावली. बाटली माझ्या हातातून घेतली आणि देवघराकडे गेली.

आमच्याकडे काहीही नवं आलं की आधी देवापुढे जातं. पगार, पुस्तक, नवी साडी, माझा बारावीचा निकाल. तशा त्या कॅप्सूलही गेल्या. पण आई तिथे थांबली नाही. तिनं नेम धरला. रोज सकाळी आरतीनंतर गणपतीपुढच्या चांदीच्या वाटीत दोन कॅप्सूल, वर तुळशीचं पान. मग ती वाटी घेऊन माझ्याकडे यायची. मी उजव्या तळव्याखाली डावा हात धरून घ्यायचे, कपाळाला लावायचे आणि गिळायचे. आई म्हणायची, "आता तुझं गाडं लागेल लाइनीवर."

असं आठ-दहा दिवस झाल्यावर ती गोळी राहिलीच नाही. तो प्रसाद झाला. सिस्टर विचारायच्या, दुसरं काही औषध घेता? मी मान हलवायचे, आणि मला ते पूर्ण खोटं वाटायचंच नाही. प्रसादाला कुणी औषध म्हणतं का? शिवाय आई शेजारी बसलेली असायची, हातात माझी शाल घेऊन.

हे छापायला देण्याआधी मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लिही. पण मी वेडी दिसता कामा नये." ती वेडी नव्हती. योग्य प्रश्न त्या घरात फक्त तिनं विचारला होता. उत्तर मी चुकीचं दिलं.

*

चार डोसांनंतरचा रिपोर्ट मॅडमनी दोनदा वाचला. "बढ़ा नहीं है. पर घटा भी नहीं."

मग त्या म्हणाल्या, हा आजार मोठा सयाना असतो. आपण देतो त्यांतली काही औषधं पेशीच्या आत एक प्रकारची जाळपोळ करतात, आणि त्यातच ती पेशी मरते. निदान त्यातला एक भाग तसा आहे. पण पॅन्क्रियाजच्या या पेशी आग विझवायचं सामान जवळ बाळगूनच असतात. कुणाच्या गाठीत ते कमी असतं, कुणाच्या गाठीत जास्त. तुमच्या गाठीत बहुधा चांगलंच असावं. आपण औषधांची जोडी बदलून पाहू.

आई मान डोलावत ऐकत होती. मी टेबलाच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत होते. माझ्या डोक्यात बाटलीवरचा मजकूर फिरत होता. पेशींचं रक्षण. सगळ्याच गं.

तरी मी बोलले नाही. एक आठवडा बोलले नाही. घरी रोज वाटी यायची, मी रोज हात पुढे करायचे. रोज ठरवायचे, उद्या. बोललं तर आईला काय वाटेल, एवढंच दिसायचं. स्वतःच्या जिवाची भीती त्यापुढे कमी वाटायची, हे आता लिहिताना विचित्र वाटतं, पण तसंच होतं.

आणि मग पाचव्या खेपेला ते वाक्य कानावर पडलं. वो कुछ नहीं लेती, बहुत सीधी है.

पाच नंबरच्या खुर्चीत रामनगरच्या चाची होत्या. त्यांचं तिकडे बांगड्यांचं दुकान आहे, पोटाचाच आजार. सिस्टर त्यांच्याकडे वळल्या, तशी चाचींनी पिशवी सरळ मांडीवर पालथी केली. चूर्ण, तेल, कसली तरी मुळी, दोन ताईत.

"ये क्या लेकर आई हैं, चाची?"

"हम त कुल बता देइला," चाची म्हणाल्या, म्हणजे सगळंच सांगून टाकते. "डॉक्टर से कवन लाज? जौन रखे के बा रखा, बाकी फेंका." मग माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. "ताबीज मत फेंकिहा. ऊ सास के हौ."

सगळे हसले. मीही हसले. आई बाहेर औषधांच्या रांगेत होती. बाटलीतल्या कॅप्सूल संपत आल्या होत्या आणि नवी मागवायला नाव नीट दिसावं म्हणून बाटली माझ्या पर्समध्येच होती. मॅडम फेरीला आल्या तेव्हा मी ती काढली आणि त्यांच्या हातातल्या फाइलवर ठेवली.

मॅडमनी चष्मा वर करून लेबल वाचलं. "कब से?"

मी पहिल्या डोसच्या कागदावर बोट ठेवलं.

त्या रागावतील अशी माझी तयारी होती. त्या माझ्या खुर्चीच्या कडेला बसल्या. म्हणाल्या, यामुळेच गाठ आकसली नाही असं मी म्हणणार नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही. कदाचित याचा काही संबंधही नसेल. पण जी आग आपण लावतोय, तिच्यावर रोज सकाळी आपल्याच हातानं पाणी कशाला ओतायचं? बंद करा. जेवणातली हळद, आवळा, फळं, सगळं खुशाल खा. डब्यातलं नको. आणि पुढच्या वेळी सिस्टरना सांगा.

मी मान हलवली. मॅडम हसल्या. "गर्दन नहीं. मुँह से."

*

आईला मी सांगितलं नाही.

डिसेंबरातल्या त्या दिवशी घरी जाताना पूर्ण वाक्य तयार होतं. पण दार उघडल्यावर मला तिचं देवघर दिसलं, ती घासून लखलखीत केलेली वाटी दिसली. तिला कळलं असतं तर तिनं एकच अर्थ काढला असता : आपणच आपल्या हातानं त्या गाठीला खाऊ घातलं. मॅडमचं 'कदाचित' तिच्यापर्यंत पोचलंच नसतं. मी हात पुढे केला, कॅप्सूल कपाळाला लावल्या, पाण्याचा घोट घेतला. आई वळल्यावर त्या जिभेखालून काढून माझ्या शाळेच्या कंपासमध्ये टाकल्या. प्रसाद केरात टाकायची माझी हिंमत नव्हती. बाटली संपली तर आईनं मामाकडून दुसरी मागवली.

औषधं बदलली. हातांतला गारठ्याचा त्रास थोडा कमी झाला, केस मात्र गेले. माघातल्या एका सकाळी बाबा मला पंचगंगा घाटाच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत घेऊन गेले. खाली उतरायचं बळ नव्हतं. आम्ही उन्हात बसलो. मी बाबांना कंपासची गोष्ट सांगितली, अगदी हळू आवाजात.

बाबांनी खालच्या होड्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "एवढं साठवून करणार काय? गंगेत सोडायचं म्हणतेस?"

"निर्माल्य सोडतातच ना."

"नको. माशांच्या पेशींचं रक्षण व्हायचं उगाच."

कितीतरी महिन्यांनी आम्ही दोघं मोठ्यानं हसलो. उठताना ते म्हणाले, "आईला तूच सांग. पण सांग." मी हो म्हटलं, आणि नाही सांगितलं.

पुढच्या स्कॅनला मॅडमनी रिपोर्ट एकदाच वाचला. गाठ मागे हटली होती. शीर मोकळी दिसत होती. नव्या औषधांनी झालं, कॅप्सूल बंद केल्यानं झालं, की दोन्ही मिळून, मला माहीत नाही, आणि ठाऊक असल्याचा आव मी आणणार नाही. होळीच्या आधी ऑपरेशन झालं. सात तास. आई-बाबा बाहेरच्या बाकावर बसून होते, आणि नंतर कळलं की त्या सात तासांत त्यांनी मुंबईवरून पुन्हा एकदा भांडून घेतलं. ते ऐकून मला फार बरं वाटलं. सगळं जागेवर होतं.

शुद्धीवर आल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती तहान. दुसरी, हाताला लागलेला पलंगाचा लोखंडी दांडा. तो थंड होता. फक्त थंड. त्यातून वीज गेली नाही. मी बराच वेळ तो धरून ठेवला.

*

आता जेठातला कडक उन्हाळा चालू आहे. ऑपरेशननंतरचे डोसही संपले. मी अर्धी पोळी खाते, जेवणासोबत पाचक गोळ्या घेते, दिवसातून चार तास कामावर जाते. मॅडम म्हणतात, तीन-तीन महिन्यांनी भेटत राहा. पुढचं पुढे. सध्या मला पुढचे तीन महिने पुष्कळ वाटतात.

मागच्या तपासणीला आई सोबत होती. सगळं ठीक निघालं. बाहेर आलो तर डे-केअरच्या दारापाशी चाची बसलेल्या. त्यांचे डोस पुन्हा सुरू झाले होते. चेहरा उतरला होता, तरी मला बघून त्यांनी दोन्ही हात वर केले. "अरे वाह! केस आए गइल बिटिया के!"

आई त्यांच्याशेजारी बसली. मी पाण्याची बाटली भरायला गेले. परत येताना पाहिलं, की आईनं पर्स उघडली आहे आणि आतून रुमालाची पुरचुंडी काढली आहे. आत त्याच दोन कॅप्सूल होत्या. वर तुळशीचं पानही होतं.

"इसी प्रसाद से हमारी चारू ठीक हुई, बहनजी," आई सांगत होती. तिचा आवाज असा भरून आलेला मी कधी ऐकला नव्हता. "रोज आरती के बाद दिया. एक दिन नागा नहीं. आप भी लीजिए. पूरी बाटली भेज दूँगी."

चाचींनी दोन्ही तळवे जोडून पुढे केले. आईनं कॅप्सूल त्यांत ठेवल्या. चाचींनी त्या कपाळाला लावल्या.

त्याच वेळी सरोज सिस्टर कागद घेऊन आल्या. "चाची, आज थैली में क्या-क्या है?"

"आज कुछ ना हौ."

"हाथ में?"

"ई त परसाद हौ," चाची म्हणाल्या. "परसाद के बारे में का बताईं?"

सिस्टरनी कागदावर रेघ मारली. चाचींनी हात तोंडाकडे नेला. ज्या बाईनं मला सगळं सांगून टाकायला शिकवलं, ती नेमकं हेच सांगणार नव्हती. आणि ते माझ्या घरातून आलं होतं.

मी मराठीत बोलले असते तर ते आम्हा दोघींत राहिलं असतं. आईचा मानही राहिला असता. माझ्या हातातली पाण्याची बाटली गार होती आणि मी ती घट्ट धरली होती. मी हिंदीत बोलले, आणि माझा आवाज इतका मोठा निघाला की आतल्या खुर्च्यांवरच्या माना वळल्या.

"चाची, मत खाइए. ये दवा है, मैंने मँगवाई थी. और आई, मैंने दिसंबर से एक भी नहीं खाई."